पानफुटी : तिचे गुण व तिच्यापासून होणारे धोके

आपल्या महाराष्ट्रांत पानफुटीचें झाड पाहिलें नाहीं असा विद्यार्थी विरळाच. विहिरीच्या कठड्याशीं, परसांतील न्हाणीच्या पाण्यावर, पडक्या भिंतीच्या फटींत आणि शहरांतील सज्जांत ठेवलेल्या डब्यांतहि तें मुकाट्यानें वाढत असतें. त्यास खत नको, निगा नको, फारसें पाणीहि नको. जें असें सहज मिळतें त्याची किंमत मनुष्य एक तर मुळींच करीत नाहीं, नाहीं तर भलतीच करतो. पानफुटीच्या वांट्यास ह्या दोन्ही गोष्टी आल्या आहेत. कोणी तिला निरुपयोगी तण समजून उपटून टाकतो, तर कोणी तिचें पान म्हणजे मुतखड्यावरील हमखास औषध असें मानून रोज उपाशीं पोटीं चावून खातो.

विद्यार्थिमित्रहो, ह्या दोन टोंकांमधील वाट कोणती, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. वाडवडिलांपासून चालत आलेल्या औषधांस हंसणें हें जसें शहाणपणाचें नव्हे, तसेंच 'झाडपाल्याचें औषध आहे, गुण न आला तरी अपाय तर नाहीं ना?' असें म्हणून डोळे मिटून तें घेणें हेंहि शहाणपणाचें नव्हे. पानफुटीच्या एका झाडाची नीट ओळख करून घेतली, तर ही गोष्ट आपोआप ध्यानांत येईल.

रूप व नांवें

पानफुटी ही मांसल वनस्पति आहे. म्हणजे तिच्या खोडांत व पानांत पाण्याचा सांठा असतो. ती साधारणपणें तीन-चार फूट उंच वाढते. पानें समोरासमोर जोडीनें येतात. खालचीं पानें बहुधा एकेकटीं असतात, तर वरचीं तीन किंवा पांच दलांचीं संयुक्त असतात. पानाची कड गोलसर दांत्यांची असून तिला पुष्कळदां जांभळट किनार असते. थंडीच्या दिवसांत शेंड्यावर उंच दांडा येऊन त्याला खालीं लोंबणारीं, घंटेच्या आकाराचीं फुलें लागतात. फुलाचा बाहेरील पेला कागदासारखा पातळ व फुगीर असतो आणि त्याच्या तोंडांतून तांबूस पाकळ्यांची नळी डोकावत असते.

मराठींत हिला पानफुटी व घायमारी अशीं दोन नांवें आहेत. पहिलें नांव तिच्या स्वभावावरून पडलें आहे, तर दुसरें तिच्या उपयोगावरून. हिंदींत तिला पत्थरचट्टा व बंगालींत पाथरकुचि म्हणतात; उर्दूंत जख्म-ए-हयात हें नांव आहे; संस्कृतांत पर्णबीज. तिचें शास्त्रीय नांव कलांचो पिन्नाटा असें आहे. जुन्या पुस्तकांत ब्रायोफायलम हें नांव आढळतें, तें ग्रीक भाषेंतील 'अंकुरणें' व 'पान' ह्या अर्थाच्या दोन शब्दांपासून बनलें आहे. म्हणजे युरोपांतील पंडितांनीं ग्रीकांतून जें नांव शोधून काढलें, तेंच आपल्या खेड्यांतील माणसांनीं साध्या मराठींत 'पानफुटी' असें ठेवलें.

ही मूळची कोठली?

पानफुटी आज इतकी घरची झाली आहे कीं ती परदेशची पाहुणी आहे, असें सांगितलें तर पुष्कळांस खरें वाटणार नाहीं. तिची मायभूमि आफ्रिकेच्या पूर्वेस असलेलें मादागास्कर बेट ही होय. लामार्क ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७८६ सालीं तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती पूर्वेकडील मोलुक्का बेटांतून कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानांत आली आणि पुढें सर्व हिंदुस्थानभर पसरली. एक पान कोठें पडलें कीं तेथें दहा झाडें. मग पसरावयास वेळ तो काय लागणार? आज ती आफ्रिका, वेस्ट इंडीज, ब्राझील, ऑस्ट्रेलिया अशा उष्ण प्रदेशांत सर्वत्र सांपडते.

हा इतिहास निव्वळ कुतूहलाचा नाहीं. चरक व सुश्रुत ह्यांच्या ग्रंथांत मूत्रविकारांवर 'पाषाणभेद' नांवाची वनस्पति सांगितली आहे. आज कित्येक लोक पानफुटीलाच पाषाणभेद समजतात आणि 'प्राचीन ऋषींनीं सांगितलेलें औषध' म्हणून विश्वासानें घेतात. परंतु जी वनस्पति दोन-अडीचशें वर्षांपूर्वीं ह्या देशांत आली, तिचें वर्णन दीड-दोन हजार वर्षांपूर्वींच्या ग्रंथांत कसें असेल? बहुतेक विद्वानांच्या मतें ग्रंथांतील पाषाणभेद म्हणजे हिमालयांत खडकांवर उगवणारी, आतां बर्जेनिया नांवानें ओळखली जाणारी वनस्पति होय. संस्कृत नांव मिळालें म्हणजे वनस्पति प्राचीन ठरते असें नव्हे, हा धडा ह्यावरून घेण्यासारखा आहे.

पानांतून झाड

बहुतेक झाडें बियांपासून किंवा फांदीच्या कलमापासून होतात. पानफुटीचें मात्र नुसतें पान पुरतें. एक जाड, निरोगी पान तोडून ओलसर वाळूवर ठेवावें, किंवा दोऱ्यानें सावलींत टांगून ठेवलें तरी चालतें. आठ-पंधरा दिवसांत पानाच्या कडेच्या खांचांतून बारीक पांढरीं मुळें व दोन-दोन चिमुकलीं पानें बाहेर पडतात. एका पानाच्या कडेवर अशीं अनेक रोपें येतात. मूळ पान आपला सांठा ह्या रोपांना देत देत सुकून जातें, आणि रोपें मातींत रुजून स्वतंत्र होतात.

ह्याचें कारण असें कीं, पानाच्या प्रत्येक खांचेंत एक सूक्ष्म कळी निजलेली असते. पान झाडावर असतांना ती बहुधा निजलेलीच राहते. पान झाडापासून तुटलें कीं ती जागी होते. जर्मनीचा प्रसिद्ध कवि गटे हा वनस्पतिशास्त्राचाहि मोठा भोक्ता होता. त्याला ह्या झाडाचा इतका छंद लागला कीं, तो तिचीं पानें आपल्या स्नेह्यांस भेट म्हणून पाठवीत असे. एका पानांत इतक्या नव्या झाडांची तजवीज करून ठेवणाऱ्या सृष्टिकर्त्याचें कौशल्य पाहून कोणाहि विचारी मनुष्याचें मन नम्र झाल्याशिवाय राहणार नाहीं.

सकाळीं आंबट, दुपारीं बेचव

पानफुटीची दुसरी नवलाई तिच्या रसांत आहे, आणि ती प्रथम नीट टिपून ठेवणारा मनुष्य ह्याच देशांत राहत होता. बेंजामिन हाइने हे मूळचे जर्मन. मोरेव्हियन मिशनचे मिशनरी म्हणून ते तरंगंबाडीस आले आणि पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांनीं दक्षिण हिंदुस्थानांत काम केलें. लंडनच्या लिनियन सोसायटीचे लँबर्ट ह्यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं असें कळविलें कीं, ह्या झाडाचें पान सकाळीं चुक्यासारखें आंबट लागतें, दिवस वर येईल तसतसा आंबटपणा कमी होतो, दुपारीं तें बेचव होतें आणि संध्याकाळच्या सुमारास किंचित् कडवट लागतें. हें पत्र १८१३ सालीं सोसायटीपुढें वाचण्यांत आलें. ज्या पानाकडे हजारों लोक रोज पाहत होते, त्याची चव दिवसांतून तीन वेळां पाहण्याचें ह्या एका मनुष्यास सुचलें. शास्त्राचा आरंभ बहुधा असाच होतो.

ह्या बदलाचें कारण पुढें उलगडलें. वनस्पतींस अन्न तयार करण्यासाठीं हवेंतील कर्बाम्ल वायु लागतो व तो त्या पानांवरील सूक्ष्म रंध्रांवाटे आंत घेतात. बहुतेक झाडें हीं रंध्रें दिवसा उघडतात. परंतु पानफुटीनें भर उन्हांत रंध्रें उघडीं ठेवलीं, तर तिनें जपून ठेवलेलें पाणी वाफ होऊन उडून जाईल. म्हणून ती रात्रीं गारव्यांत रंध्रें उघडून वायु आंत घेते व तो मॅलिक आम्लाच्या रूपानें सांठवून ठेवते. हिरव्या सफरचंदास आंबटपणा देणारें आम्ल तें हेंच. दिवसा रंध्रें मिटून ती ह्या आम्लांतील वायु पुन्हा मोकळा करते व सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें आपलें अन्न बनविते. म्हणून पहांटे आम्लाचें कोठार भरलेलें असतें व सायंकाळीं रिकामें. निवडुंग, घायपात व अननस ह्यांच्याहि पानांत वा खोडांत हीच रीत आढळते.

विद्यार्थ्यांस हें पान न चाखतांहि पाहतां येईल. सूर्योदयाच्या वेळीं तोडलेलें एक पान व त्याच झाडाचें सायंकाळीं तोडलेलें दुसरें पान सारख्याच पाण्यांत वेगवेगळें कुटावें, गाळावें आणि शाळेच्या प्रयोगशाळेंतील निळा लिटमस कागद त्यांत बुडवावा. सकाळच्या रसांत कागद जितका तांबडा होईल तितका सायंकाळच्या रसांत होणार नाहीं. मग रसांत चुन्याची निवळी थेंब थेंब घालून आंबटपणा जाण्यास किती थेंब लागतात, तें मोजावें. एकाच झाडाचें पान सकाळीं एक असतें व संध्याकाळीं दुसरें असतें, ही गोष्ट औषधाचा विचार करतांना पुढें उपयोगीं पडणार आहे.

जखमेवरील उपयोग

पानफुटीचा सर्वांत जुना व सर्वत्र आढळणारा उपयोग म्हणजे जखम, मुका मार, गळूं व किड्याचा दंश ह्यांवरील लेप. पान विस्तवावर किंचित् शेकून, मऊ झालें म्हणजे ठेचून दुखऱ्या जागीं बांधतात. घायमारी हें नांव ह्यावरूनच आलें. जमैकांत व त्रिनिदादांतहि हें झाड घरगुती औषधांत प्रसिद्ध आहे. एकमेकांशीं फारसा संबंध नसलेल्या इतक्या लोकांस एकच उपयोग सुचावा, ह्यांत कांहीं तथ्य असण्याचा संभव आहे.

मुंबई इलाख्यांतील औषधी वनस्पतींचे अभ्यासक डॉ. विल्यम डायमॉक ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आपला प्रत्यक्ष अनुभव लिहून ठेवला आहे. ठेचलेल्या जखमेवर हीं पानें बांधल्यानें सूज व काळेनिळेपणा टळला आणि तुटलेली कातडी लौकर सांधली, असें त्यांस आढळलें. एका डॉक्टरनें स्वतः पाहून दिलेली ही साक्ष मोलाची आहे. परंतु ती वाचतांना एक गोष्ट विसरूं नये. त्यांनीं जी तुलना केली ती पाण्याच्या पट्टीशीं केली होती, कारण त्या काळीं साध्या जखमेवर तोच नेहमींचा उपचार होता. पानफुटीचा लेप पाण्याच्या पट्टीहून बरा ठरला, ह्याचा अर्थ तो आजच्या जंतुघ्न औषधांहून व स्वच्छ मलमपट्टीहून बरा आहे असा होत नाहीं.

शिवाय पान गुणकारी असलें तरी त्यावरची माती गुणकारी नसते. भिंतीच्या कडेचें पान, न धुतलेला दगड व घाईनें ठेचलेला लगदा ह्यांच्यांतून धनुर्वाताचे जंतु जखमेंत शिरूं शकतात. धनुर्वाताची लस आज सर्वत्र मिळते. तिची जागा कोणतेंहि पान घेऊं शकत नाहीं. मधुमेही माणसांच्या बाबतींत तर विशेष जपावें. त्यांच्या पायांची संवेदना पुष्कळदां कमी झालेली असते, त्यामुळें शेकलेल्या पानाचा चटका बसला तरी कळत नाहीं, आणि लहानसा फोड चिघळून पाय गमावण्याची पाळी येते.

मुतखडा व पानफुटी

आतां ज्या उपयोगामुळें पानफुटीचें नांव आज घरोघर झालें आहे त्याकडे वळूं. 'मुतखडा झाला? मग रोज सकाळीं दोन पानें खा. खडा विरघळून पडतो,' असा सल्ला शेजारीपाजारी देतात, आणि 'अमक्याचा पडला' असा दाखलाहि देतात. दाखला खोटा असतो असें नाहीं. त्या मनुष्यानें पान खाल्लें हेंहि खरें व खडा पडला हेंहि खरें. प्रश्न इतकाच कीं, पान खाल्ल्यामुळें खडा पडला काय?

पांच मिलिमीटरहून लहान असलेले बहुतेक खडे पुरेसें पाणी प्याल्यानें आपोआप लघवीवाटे निघून जातात, हें डॉक्टरांनीं हजारों रोग्यांत पाहिलें आहे. अशा रोग्यानें पान खाल्लें तर यश पानाचें ठरतें. शेजारच्या देवास नवस केला तर यश नवसाचें ठरतें. ज्यांचा खडा पडला नाहीं ते लोक आपली हकीकत सांगत फिरत नाहींत, म्हणून ती आपल्या कानांवर येत नाहीं. आलेल्या गुणाची बातमी पसरते व न आलेल्या गुणाची पसरत नाहीं, ही गोष्ट सर्वच घरगुती औषधांच्या बाबतींत लक्षांत ठेवावी. खरा निकाल लावावयाचा तर सारख्या आकाराचे खडे असलेले पुष्कळ रोगी घेऊन, निम्म्यांस औषध देऊन व निम्म्यांस न देतां, दोहोंतील फरक मोजावा लागतो. पानफुटीच्या रसावर काचेच्या नळींत व उंदरांवर प्रयोग झाले आहेत आणि त्यांत कांहीं आशादायक गोष्टीहि दिसल्या आहेत. परंतु मनुष्याच्या मुतखड्यावर तिचा गुण अशा मोठ्या व नीट आखलेल्या चाचणीनें सिद्ध झालेला नाहीं.

ह्यांत खरें नुकसान पानाहून दिरंगाईनें होतें. मोठा खडा मूत्रनलिकेंत अडकला म्हणजे मूत्रपिंडावर दाब येतो. कधीं कधीं आरंभींची कळ थांबते, रोग्यास वाटतें पानानें गुण आला, आणि आंत मूत्रपिंड हळूहळू निकामी होत राहतें. कळेबरोबर ताप व हुडहुडी भरली तर अडलेल्या मूत्रांत जंतूंचा शिरकाव झाला असें समजावें. अशा वेळीं एक दिवसहि वायां घालविणें जिवावर बेततें. ज्या घरीं दोन महिने पानें खाण्यांत गेले, त्या घरीं पान स्वस्त पडलें असें कसें म्हणावें?

पानांतील विष

पानफुटीच्या अंगीं गुण आहे, कारण तिच्यांत प्रभावी रासायनिक द्रव्यें आहेत. आणि ज्यांत प्रभाव आहे त्यांत अपायहि असूं शकतो. तिच्यांतील कांहीं द्रव्यें बुफाडायनोलाइड नांवाच्या वर्गांत मोडतात. हें नांव बेडकाच्या भेक जातीच्या लॅटिन नांवावरून पडलें आहे, कारण भेकाच्या कातडींतील विष ह्याच वर्गांतील आहे. आपल्या रानकांद्यांतहि हींच द्रव्यें सांपडतात, आणि कण्हेरीचें विष ह्यांचें जवळचें नातलग आहे. कण्हेर विषारी आहे, हें आपल्याकडे लहान मुलांसहि ठाऊक असतें. पण पानफुटींत तिच्या नात्याचें द्रव्य आहे, हें थोरांसहि ठाऊक नसतें. हीं द्रव्यें हृदयाच्या स्नायूवर परिणाम करतात. प्रमाण वाढलें म्हणजे मळमळ, वांति व जुलाब होतात, नाडीची लय बिघडते आणि अखेर हृदय बंद पडूं शकतें.

ह्याचा प्रत्यक्ष पुरावा ऑस्ट्रेलियांतील गुराख्यांस फार महाग पडला. तेथें पानफुटी व तिच्याच कुळांतील मादागास्करहून आलेल्या तिच्या बहिणी रानोमाळ माजल्या आहेत. क्वीन्सलंड प्रांतांत १९६० पासून १९८४ पर्यंत ह्या झाडांनीं गुरांस विषबाधा झाल्याचे ४१ प्रसंग नोंदले गेले व त्यांत ३७९ जनावरें सांपडलीं. १९९७ सालीं न्यू साउथ वेल्समधील मोरी गांवाजवळ सरकारी चराऊ पट्ट्यावर त्यांतल्याच एका जातीचीं झाडें खाऊन १२५ गुरें मेलीं. बहुतेक प्रसंग फुलोऱ्याच्या दिवसांतले आहेत, कारण फुलांत विषाचें प्रमाण पानांपेक्षां पुष्कळच अधिक असतें. आपल्याकडेहि पानफुटी थंडींत फुलते, आणि पुढें उन्हाळ्याकडे ओला चारा कमी होत जातो. म्हणून ज्यांच्या दारीं गायी-शेळ्या आहेत त्यांनीं हें झाड त्यांच्या तोंडाशीं येऊं देऊं नये, आणि उपटलेलीं झाडें गव्हाणीजवळ टाकूं नयेत.

येथें कोणी म्हणेल, 'आमच्या आजीनें जन्मभर हीं पानें खाल्लीं, तिला तर कांहींच झालें नाहीं.' हेंहि खोटें नव्हे. कधींमधीं एखादें पान खाणाऱ्या निरोगी मनुष्यास बहुधा उघड अपाय दिसत नाहीं. मनुष्य गुरांप्रमाणें पोटभर झाडें खात नाहीं. परंतु ह्या द्रव्यांच्या जवळच्या नात्यांतील द्रव्याचें औषध डॉक्टर कसें देतात, तें पाहा. १७८५ सालीं विल्यम विदरिंग ह्या इंग्रज डॉक्टरनें डिजिटॅलिस नांवाच्या विषारी झाडाच्या पानांचा हृदयरोगावरील उपयोग प्रसिद्ध केला. त्याच जातीच्या झाडापासून काढलेलें डिजॉक्सिन हें औषध आजहि वापरांत आहे. त्याची रोजची मात्रा सामान्यतः एका मिलिग्रॅमच्या अष्टमांशापासून चतुर्थांशापर्यंत असते, आणि ती थोडी वाढली तरी विषबाधा होते. विष व औषध ह्यांमधील अंतर इतकें अरुंद असतें. पानफुटीच्या पानांत तर हें माप कोणीच केलेलें नसतें. पान कोंवळें कीं जून, झाड फुलावर आलेलें कीं नाहीं, जमीन कोणती, ह्यांवर प्रमाण बदलतें. रसाची आंबट गोडी तर सकाळ-संध्याकाळ बदलते, हें आपण वर पाहिलेंच आहे. 'दोन पानें' हें माप दिसतें, पण तें माप नव्हे.

शास्त्रज्ञांनीं ह्या झाडाकडे पाठ फिरविली आहे, असें मात्र समजूं नये. ब्राझीलच्या आरोग्यखात्यानें २००९ सालीं संशोधनासाठीं निवडलेल्या ७१ औषधी वनस्पतींत पानफुटी आहे. जर्मनी व स्वित्झर्लंड येथें तिच्यापासून केलेलें औषध अकालीं येणाऱ्या प्रसूतिकळांवर डॉक्टरांच्या देखरेखीखालीं दिलें जातें. ह्यावरून तिचा गर्भाशयावर परिणाम होतो हें उघड आहे. म्हणूनच गर्भवती स्त्रीनें तें आपल्या मनानें कधींहि घेऊं नये.

नांवांचा घोटाळा

घरगुती औषधांतील पुष्कळसे अपघात विषामुळें न होतां चुकीच्या ओळखीमुळें होतात. घायमारी म्हणजे पानफुटी, आणि घायपात म्हणजे केकताड. नांवें इतकीं जवळचीं, पण घायपाताचा ताजा रस कातडीस लागला तर आग होऊन फोड येतात. शेराचा व थोराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यास भयंकर इजा होते, दृष्टीसहि धोका पोंचतो. कोरफड वेगळी, पानफुटी वेगळी. पाषाणभेद म्हणून तर एका प्रांतांत एक झाड व दुसऱ्या प्रांतांत दुसरेंच झाड विकलें जातें; कोठें बर्जेनियाचें मूळ, कोठें पानफुटी, तर कोठें पानओवा. 'जाड पानांचें झाड' एवढीच ओळख सांगून कोणी औषध सुचविलें, तर काय हातीं येईल ह्याचा नेम नाहीं.

पवित्र शास्त्रांत अलीशा संदेष्ट्याच्या काळची एक गोष्ट आहे. गिलगाल येथें दुष्काळ पडला असतां एक जण रानांत भाजी आणावयास गेला आणि ओळख नसलेल्या वेलीचीं फळें ओटींत भरून घेऊन आला. तीं चिरून भांड्यांत टाकलीं, आणि जेवावयास बसलेले लोक पहिल्याच घांसाबरोबर घाबरून ओरडले. त्या मनुष्याचा हेतु वाईट नव्हता. भुकेल्यांस अन्न द्यावें हीच त्याची इच्छा होती. चांगला हेतु असला तरी ज्ञान नसेल तर भांड्यांत मरण शिजतें, हेंच त्या गोष्टीवरून दिसतें. औषध सुचविणारे आपले शेजारी बहुधा असेच सद्धेतूचे असतात.

पालकांस व विद्यार्थ्यांस सूचना

वरील विवेचनाचें तात्पर्य थोडक्यांत असें आहे :

१. किरकोळ मुक्या मारावर, कातडी फाटलेली नसतां, स्वच्छ धुतलेलें पान कोमट करून बांधावयास हरकत नाहीं. पुरळ उठल्यास किंवा आग झाल्यास तें लागलींच काढून टाकावें.

२. उघड्या, खोल किंवा मातीनें भरलेल्या जखमेवर पान लावूं नये. जखम साबण व भरपूर पाण्यानें धुवावी, स्वच्छ फडकें बांधावें व दवाखान्यांत जाऊन धनुर्वाताच्या लशीची चौकशी करावी.

३. मुतखड्याची शंका आली तर प्रथम डॉक्टरांकडून खड्याचा आकार व जागा समजून घ्यावी. ताप, हुडहुडी, लघवी अडणें किंवा लघवींतून रक्त जाणें ह्यांपैकीं कांहींहि झाल्यास त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

४. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं, डिजॉक्सिन घेणाऱ्यांनीं, गर्भवती स्त्रियांनीं हें पान पोटांत घेऊं नये. लहान मुलांसहि तें देऊं नये.

५. कोणी हें पान घेत असेल तर तें डॉक्टरांपासून लपवूं नये. 'झाडपाल्याचें आहे, त्यांत काय सांगावयाचें' असें म्हणून रोगी गप्प राहतात, आणि डॉक्टरांस दुखण्याचें कारण कळत नाहीं.

६. गुरें, शेळ्या व पाळलेलीं जनावरें ह्यांना तें खाऊं देऊं नये. विशेषतः फुलोरा आलेलें.

विद्यार्थिमित्रहो, ह्या सर्वांवरून पानफुटी दारांतून उपटून टाकावी, असा अर्थ घेऊं नका. एका पानांतून दहा झाडें निर्माण करणारी, उन्हाळ्यांत पाणी जपून रात्रीं श्वास घेणारी ही वनस्पति आपल्या अंगणांतील एक चालतें बोलतें पुस्तक आहे. तिच्यापासून शिकावयाचें पुष्कळ शिल्लक आहे, आणि कदाचित् तुमच्यांपैकींच कोणी पुढें तिच्यांतील गुणकारी द्रव्य वेगळें काढून, मोजून, पारखून दुखणाईतांच्या हातीं देईल. परमेश्वरानें झाडांत गुण ठेवले, तसेच मनुष्याच्या ठिकाणीं ते पारखण्याची बुद्धिहि ठेवली. पहिल्या देणगीचा लाभ घ्यावयाचा तर दुसरीचा उपयोग केलाच पाहिजे. घरांत कोणी दुखणें अंगावर काढून पानावर भिस्त ठेवून बसलें असेल, तर त्यास आदरानें पण आग्रहानें दवाखान्यांत घेऊन जाणें, हाच ह्या अभ्यासाचा पहिला उपयोग होय.